बाटलीला पाणी

दिगंबरमामा, तुमच्या मातीला मी शेवटपर्यंत थांबले नाही. सास्तूरच्या तुमच्या अंगणात तिरडी बांधून झाली होती, चौघं खांदा द्यायला वाकले होते, आणि माझा फोन वाजला. खरं तर तो घ्यायलाच नको होता. पण कॉलेजच्या ऑफिसमधून होता, म्हणून घेतला.

"मॅडम, लॅबच्या दुरुस्तीचे कामगार दोन दिवस आधीच आलेत," हेडक्लार्क सांगत होता. "समदी कपाटं बाहेर काढायलेत. कोपऱ्यातलं लाकडी कपाट तेवढं कुलूपबंद हाय. कुलूप तोडावं का तसंच ओढून काढावं, इचारायलेत."

मी ओरडले, "हात लावू नका! कुणीही हात लावू नका!"

तुम्हाला उचलायला वाकलेले चौघं जागच्या जागी थबकले. अंगणातलं रडणंसुद्धा थांबलं. मी कुणाला आणि काय सांगणार होते, की हे तुमच्या देहाबद्दल नाही, एका बाटलीबद्दल आहे? फोनवर तेवढंच बोलले, की सगळ्यांना लॅबच्या बाहेर काढा, दाराला कुलूप लावा, मी येते. चपला शोधत होते तेव्हा मामी उठून आल्या. अंघोळ घालताना तुमचा करदोडा तोडला होता, त्यातली किल्ली त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही तुमच्या कालीजातली हाय. जावा तुमी." गाडीकडं पळताना मागून कुणाचा तरी आवाज आला, "शिकल्याली मान्सं. येवढाबी दम न्हाय." ऐकलं मी ते, आणि तशीच गेले.

मामा, तुम्ही असता तर त्या माणसावर खेकसला असता. नाहीतर मलाच म्हणाला असता, "बघा मॅडम, म्या मेलो तरी तुमी बाटली काढली न्हाय." यातलं दुसरंच म्हणाला असता. मला माहीत आहे.

आपली ओळखच त्या बाटलीवरून झाली. मी रसायनशास्त्राची विभागप्रमुख म्हणून धाराशिवला रुजू झाले, त्याच आठवड्यात तुम्ही, आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, मला कोपऱ्यातल्या कपाटापाशी घेऊन गेलात. अर्धा किलोची तपकिरी बाटली, लेबलवर पिक्रिक ॲसिड. कधीकाळी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लागायचं, मग अभ्यासक्रम बदलला, सर निवृत्त झाले आणि बाटली तशीच राहिली. मी पीएच.डी. करून आलेली, तुम्ही दहावी नापास, आणि तुम्ही मला समजावत होता, "ही मारकी म्हस हाय, मॅडम. येळंवर पानी दावलं की गप ऱ्हाती. सुकली की मग कुनाची न्हाय."

पुस्तकात मी ते सगळं वाचलं होतं. पाण्यात भिजलेलं असलं तर हे पिवळे स्फटिक निमूट बसतात. कोरडे झाले तर धक्क्यानं, घासण्यानं, उष्णतेनं फुटू शकतात. पूर्वी तोफगोळ्यांत हेच भरत. लोखंड, तांबं, शिसं यांच्याशी गाठ पडली तर त्याहून तापट क्षार तयार होतात. परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. पण ती चीज हातभर अंतरावर बघताना मी एक पाऊल मागं सरले, आणि ते तुम्हाला दिसलं.

तुमची व्यवस्था मात्र बघण्यासारखी होती. कपाट लाकडी, कारण लोखंडाजवळ ती नको. झाकण प्लॅस्टिकचं. बाटली सगळ्यात खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या टबात, गळ्यापर्यंत वाळूत बसवलेली, म्हणजे कलंडायला नको. अख्ख्या प्रयोगशाळेत कंबरेच्या वर एकही काचेची बाटली तुम्ही ठेवू दिली नाहीत. एकदा मी वैतागून म्हणाले, "मामा, वरच्या एवढ्या फळ्या रिकाम्या, आणि मी रोज वाकून वाकून कंबर मोडून घ्यायची का?" तेव्हा तुम्ही भूकंपाचं सांगितलंत. एकदाच सांगितलंत. घराचं मातीचं छत, माळवद, खाली आलं आणि आई त्यात गेली, एवढंच. आणि मग म्हणालात, "वर ठिवल्यालं समदं एक दिस खाली येतं. कवा, येवढंच ठावं नसतं." त्यानंतर मी फळ्यांबद्दल बोलले नाही. परवा तुमच्या घरात शिरले तर तिथंही तेच. भिंतीला एक फळी नाही, सगळी भांडीकुंडी जमिनीवर मांडलेली.

बाटलीला पाणी पाजायचा तुमचा दिवस ठरलेला होता. खंडेनवमी. सगळीकडे लोक अवजारं पुजतात, आपल्याकडे तराजू, ब्युरेट आणि बर्नर झेंडूची फुलं घालून बसायचे. उदबत्ती व्हरांड्यात. नारळही व्हरांड्याच्या पायरीवर. पहिल्या वर्षी नव्या एका सरांनी हौसेनं लॅबच्या ओट्यावर नारळ आपटायला हात उचलला, तर तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. ते सर किती दिवस तुमच्याशी बोलत नव्हते! पूजा झाली, मुलं प्रसाद घेऊन गेली, की तुम्ही कपाटाची दोन्ही दारं उघडायचात. ओल्या फडक्यानं आधी बाटलीचा गळा पुसायचा, झाकणाचे आटे भिजू द्यायचे, मग सावकाश झाकण फिरवायचं, आणि डिस्टिल्ड वॉटर काठाकाठानं सोडायचं. फडकं वाळू द्यायचं नाही, बादलीत बुडवून ठेवायचं. शेवटी डाव्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर वर्ष लिहायचं आणि पुढं 'पाणी'. हातमोजे घाला म्हणून मी दरवर्षी डोकं फोडायची. "मोज्यात झाकनाचा आटा हाताला कळत न्हाय," म्हणून तुम्ही दरवर्षी ते काढायचात आणि दिवाळीपर्यंत पिवळी बोटं घेऊन हिंडायचात. त्या बाबतीत तुम्ही चूक होता, मामा. आजही सांगते, चूक होता.

आणि मी कुठं असायची? दारात. आत आग विझवायची वाळू आहे का, बाहेर मुलं नाहीत ना, हे बघत असल्यासारखं करत मी दारात उभी असायची. अकरा वर्षं.

तुमचं म्हणणं एकच होतं. ही बाटली काढा. पोलिसांना कळवा, त्यांची माणसं असतात, ती नेतील. मी म्हणायची, स्टॉक रजिस्टरला नोंद आहे, निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचा, प्रस्ताव करावा लागेल, समिती बसेल, सह्या होतील. दोनदा मी प्रस्ताव केलाही. पहिल्या प्राचार्यांनी सांगितलं, बेसिनमध्ये ओतून मोकळे व्हा. तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणालात, "पाइपात जाऊन बसंल सायेब, मंग पाइपच बाँब हुईल." दुसऱ्यांनी सांगितलं, कॉलेजात बॉम्बशोधक पथक आलेलं पेपरात छापून आलं तर प्रवेश कोण घेईल. मी फाईल परत आणली आणि कपाटात ठेवली. त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते अजून टोचतं. "मॅडम, तुमी कागदाला भ्येता. बाटलीला भ्याया पायजे." मला राग आला होता. पंधरा दिवस मी तुमच्याकडं चहा मागितला नाही.

निवृत्त झालात तरी किल्ली तुम्ही दिली नाहीत. मीच मागितली नाही, हे जास्त खरं. दर खंडेनवमीला सकाळच्या एस.टी.नं यायचात, बाटलीला पाणी पाजायचात, माझ्याकडं एक चहा घ्यायचात आणि विचारायचात, "प्रस्तावाचं काय झालं?" मी म्हणायची, "चाललंय."

मागच्या खंडेनवमीला तुम्ही आला नाहीत. फोन आला. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. "मॅडम, तेवढं पानी घालता का? तुमाला समदं ठावं हाय. फडकं आदी वलं करा." मी म्हणाले, घालते. टेबलावर तपासणी समितीच्या फायलींचा ढीग होता, तो एक बहाणा हाताशी होता. खरं सांगायचं तर माझ्या ड्रॉवरमधली जोडकिल्ली घेऊन मी कपाटापर्यंत गेले होते. फडकं ओलं केलं होतं. कुलूप काढलं नाही. मी फडकं तिथंच पिळलं आणि परत येऊन फायली उघडल्या. दोन दिवसांनी तुमचा पुन्हा फोन. "घातलं का?"

"हो मामा, घातलं."

इतकं सहज बोलले, मामा. मनात म्हटलं, उद्या घालू, म्हणजे खोटं उरणार नाही. तो उद्या आठ महिन्यांत आला नाही. प्रॅक्टिकल चालू असताना मुलं त्या कपाटाला टेकून उभी राहायची, आणि मी त्यांना ओरडून बाजूला करायची. मॅडम लई खाष्ट आहेत, असं माझं नाव झालं.

दवाखान्यात तुम्हाला बघायला आले तो आपला शेवटचा संवाद. नळ्या लावलेल्या, आवाज खोल गेलेला, आणि तुम्ही विचारलंत तेही तेच. "पानी घातलं व्हतं न्हवं?"

"हो मामा."

"हातमोजं?"

म्हटलं, तुम्हाला जरा बरं वाटेल असं बोलावं. "नाही घातले. तुमच्यासारखंच केलं. बोटं पिवळी झाली माझी पण."

"गेलं का पिवळं?"

"लगेच गेलं. साबणानं हात धुतले."

तुम्ही हसलात. इतके हसलात की खोकला आला, नर्स धावत आली. मला वाटलं, माणूस खूश झाला. तुमचा हात दाबून मी घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोपले.

तर परवा, सास्तूरहून धाराशिवपर्यंत, मी हे सगळं घेऊन गाडी चालवत होते. डोळ्यांत पाणी आलं की गाडी हळू करायची, पुसायचं, पुन्हा पळवायची. दर दहा मिनिटांनी ऑफिसला फोन. लॅब बंद आहे का? कामगार कुठं आहेत? शेवटी हेडक्लार्क वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमी गाडीवर ध्यान द्या, हितं कुनी मेलं न्हाय." आणि मग त्यालाच वाईट वाटलं.

पोहोचले तर कामगारांचा मुकादम व्हरांड्यात तंबाखू मळत बसलेला. "ताई, कपाट वीतभर सरकवलंय," तो म्हणाला. "फरशीला पाय अडकला म्हनून पहार लावनार हुतो, तवर तुमचा फोन आला."

पहार!

एकटीच आत गेले. हे तुम्हाला आवडलं नसतं, पण खात्री केल्याशिवाय कुणाला बोलावणार, असं अजूनही माझ्यातली कागदाला भिणारी बाई म्हणत होती. तुमच्या किल्लीनं कुलूप काढलं. उजवं दार हलकं, ते उघडलं. डाव्या दाराची कडी आवळलेली असते, ती जोर लावल्याशिवाय निघत नाही, म्हणून तिला हात लावला नाही. आणि खरं म्हणजे तो कागद मला बघायचा नव्हता. मागच्या वर्षाची रिकामी ओळ बघायची नव्हती.

टॉर्च टाकला. बाटली वाळूत सरळ उभी होती. पण झाकणाखाली, गळ्याभोवती, पिवळं काहीतरी वाळून बसलेलं होतं. बारीक, चकचकीत. तुमच्या हाताखाली असताना त्या गळ्यावर मी कधी डाग पाहिला नव्हता. आत पाणी किती उरलं असेल ते वाळूमुळं दिसायची सोय नव्हती. म्हणजे आटलं, मी मनात म्हटलं. माझ्यामुळं आटलं. मी श्वास धरून दार लोटलं आणि चवड्यांवर बाहेर आले.

प्राचार्य जिन्यातच भेटले. हे आताचे, तिसरे. "मॅडम, आज नको. उद्यापासून प्रवेश सुरू होतायत. आठवडाभर खोली बंद ठेवू, मग बघू," ते म्हणाले.

"सर, मी पोलिसांना फोन लावलाय," मी म्हणाले. लावला नव्हता. त्यांच्यासमोर लावला. अकरा वर्षांत मी तुमच्यासारखं वागलेली ती पहिली वेळ, आणि तीही खोट्यानंच सुरू झाली.

पथक आलं. इमारत रिकामी केली, वीज बंद केली, आम्हाला मैदानापलीकडं नेलं. पथकाच्या साहेबांनी माझ्याकडून सगळं विचारून घेतलं. किती जुनी, झाकण कशाचं, शेवटचं पाणी कधी. शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यांदेखत खरं उत्तर दिलं. पावणेदोन वर्षांपूर्वी. मागच्या वर्षी घालायचं माझ्याकडं होतं, मी घातलं नाही. साहेबांनी मान हलवली, जाड पोशाख चढवला आणि आत गेले. आम्ही उन्हात उभे होतो. मी इमारतीच्या खिडक्यांकडं बघत होते आणि मनात मोजत होते, आत्ता उजवं दार, आत्ता ओलं फडकं, आत्ता वाळू.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. डोक्यावरचं काढलं, कपाळ पुसलं आणि सरळ माझ्याकडं आले.

"मॅडम, तुम्ही पावणेदोन वर्षं म्हणालात ना? दाराच्या आत मागच्या दसऱ्याची नोंद आहे."

"कसली नोंद?" मी विचारलं.

"कागद आहे आतल्या बाजूनं. शेवटची ओळ मागच्या वर्षाची. पुढं 'पाणी' लिहिलंय. अक्षर बाकीच्या ओळींसारखंच, पण हललेलं. आणि बाटली ओली आहे. भरपूर पाणी आहे आत. गळ्यावर जे वाळलंय ते ओतताना सांडलेलं. घालणाऱ्याचा हात थरथरत असणार." मग ते म्हणाले, "तरी धोक्याचंच होतं. तेवढं वाळलेलं असताना कुणी झाकण फिरवलं असतं, किंवा पहार बसली असती, तर काही सांगता येत नव्हतं. पण आतलं कोरडं असतं तर मी एवढ्या सहज बाहेर आलो नसतो."

बाटली त्यांनी भिजवून, वाळूच्या पेटीत घालून नेली. संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावरून एकच आवाज आला, कॉलेजवरची कबुतरं उडाली, आणि आपलं अकरा वर्षांचं भांडण मिटलं. पेपरात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रवेशाची रांग नेहमीएवढीच होती.

काल पुन्हा सास्तूरला गेले. मामींची माफी मागायची होती. ओसरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं, फोन, बाटली, माझं खोटं, सगळं. मग त्या म्हणाल्या, "दसरा झाल्यावर चार दिसांनी दागदराकडं जातो म्हनून धाराशिवला गेलते की ते. यकलेच गेले. ऐकलं न्हाय कुनाचं. सांजच्याला आले तर अंगात बळ न्हाय, दोन दिस उठले न्हाईत. बोटं ही अशी पिवळीजर्द. म्या म्हनलं, कुनाच्या हळदीला गेलतासा? तर हसले निस्ते. म्हनले, मॅडमला बोलू नगंस."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला फोनवरच कळलं होतं. माझ्या त्या सहज आवाजावरून कळलं होतं, आणि त्या दुखऱ्या छातीनं, एस.टी.त बसून, सुट्टीच्या दिवशी तुम्ही येऊन मी सोडलेलं काम करून गेलात. हात कापत होता म्हणून सांडलं. पुसायला त्राण उरलं नसेल. निरोगी असताना तुम्ही गळ्यावर एक थेंब राहू दिला नाहीत, आणि माझ्या भित्रेपणामुळं तुम्हाला तसं अर्धवट काम टाकून जावं लागलं. त्या दोन दिवसांच्या अंथरुणाचं मी काय करू, मामा? ते कुठल्या रजिस्टरला चढवू?

आणि मग दवाखान्यात तुम्ही विचारलंत, पिवळं गेलं का. ज्याची बोटं दरवर्षी दिवाळीपर्यंत पिवळी राहायची, त्याला मी, रसायनशास्त्राची पीएच.डी., सांगत होते की साबणानं लगेच गेलं! हसाल नाहीतर काय कराल? पण बाटलीत पाणी आहे की नाही, हे तुम्हाला माझ्याकडून जाणून घ्यायचंच नव्हतं. पाणी तुम्ही स्वतःच घातलं होतं. तरी विचारलंत, पुन्हा विचारलंत, थांबून थांबून विचारलंत, की आता तरी ही बाई खरं बोलेल. मला उशिरा कळलं. तुमच्याशी भांडताना मला सगळंच उशिरा कळायचं.

तो कागद मी दारावरून काढून आणलाय. माझ्यासमोर आहे. तुमच्या शेवटच्या 'पाणी'मधला काना खाली घसरलाय. त्याच्याखाली एका ओळीची जागा उरली आहे, तिथं मी आज लिहिलं, 'बाटली गेली', आणि सही केली. समिती नाही, प्रस्ताव नाही.

आणि तुम्ही दवाखान्यात जे विचारलंत, त्याचं उत्तर राहिलंय. नाही मामा. मी पाणी घातलं नव्हतं. मी भ्याले होते.